दुखणे घड्याळावर बांधा



आज आम्ही परिचारिका तुमच्याशी एका गोळीविषयी बोलणार आहोत. तिचे नाव मॉर्फिन.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच संस्थेचे एक मोठे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तेथे कर्करोगावर उपचार होतात, संशोधनही होते. गावोगावचे रोगी तेथे जातात.

कर्करोगाचे दुखणे फार वाईट. रोगी रात्र रात्र तळमळतो. साध्या गोळ्यांनी भागले नाही, की डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात.

ही गोळी येते कोठून? खसखशीच्या हिरव्या बोंडांना चिरा देतात. त्यांतून चीक निघतो. तीच अफू. अफूतून मॉर्फिन काढतात.

अफूचे नाव निघाले, की घरची माणसे दचकतात. "आजोबांना व्यसन लागेल," म्हणतात. गोळ्या फडताळात राहतात आणि आजोबा कण्हत राहतात. हे बरे का?

नशेसाठी अफू खाणे वेगळे आणि दुखण्यावर औषध घेणे वेगळे. कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले, तर व्यसनाचे भय फार थोडे. मॉर्फिन दिले म्हणजे शेवट जवळ आला, असेही नव्हे. सरकारनेही हे ओळखले. १९८५ च्या कायद्याने या औषधावर कडक बंधने होती. २०१४ साली संसदेने तो कायदा बदलला. रोग्यांना औषध सहज मिळावे, हा त्यातला हेतू.

आता नीट ऐका.

गोळी घड्याळ पाहून द्या. रोगी ओरडेपर्यंत थांबू नका. साधी गोळी सहसा दर चार तासांनी देतात. पण तुमच्या रोग्याला किती आणि केव्हा, ते डॉक्टरच सांगतील. एक वेळ चुकली, म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नका. जास्त वेळ चालणारी गोळी कुटू नका, फोडू नका. दारू तर मुळीच नको.

तुम्हांला आता लिहिता येते. एक वही करा. गोळी किती वाजता दिली, ते लिहा. दुखणे किती आहे, ते रोग्याला बोटांवर विचारा. एकही बोट नाही, म्हणजे दुखत नाही. दहा बोटे, म्हणजे सोसवत नाही. तो आकडा लिहा. ती वही परिचारिकेला दाखवा. त्यावरून डॉक्टर मात्रा ठरवतात.

पहिले काही दिवस मळमळ होईल, गुंगी येईल. ती बहुधा ओसरते. शौचाला मात्र कडक होते, आणि ते आपोआप जात नाही. म्हणून डॉक्टर त्याचेही औषध देतात. ते रोज द्या.

रोगी हलवूनही जागा होत नाही, श्वास फार मंद चालतो, असे दिसले तर गोळी देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा.

गोळी एकाएकी बंद करू नका. अंग थरथरेल, दुखणे उसळेल. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

आणि गोळ्या कुलपात ठेवा. पोराच्या हाती लागली, तर जीव जाईल. शेजाऱ्याची पाठ दुखते म्हणून त्याला देऊ नका. उरलेल्या गोळ्या रुग्णालयाला परत करा.

कुलूप पेटीला असावे. रोग्याच्या आरामाला नसावे.