खिंडार आणि डागडुजी

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत कमानिया गेट नावाची एक भव्य कमान उभी आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात शहराजवळच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून ही कमान बांधण्यात आली. नावात ‘गेट’ असले तरी ती गावाची वेस नव्हे. कोणाला अडवावे या हेतूने ती बांधलेलीच नाही. गिऱ्हाईक, हमाल, यात्रेकरू आणि खिसेकापू, सर्वांनाच ती सारखी मोकळी आहे. जवळच सराफा आहे. पण तेथला सराफ काही कमानीच्या भरवशावर झोपी जात नाही. तो रात्री आपल्या दुकानाला स्वतःचे कुलूप घालतो, ते एकदा ओढून पाहतो आणि मगच घराची वाट धरतो.

इंटरनेट नावाची जी जगव्यापी पेठ गेल्या काही दशकांत उभी राहिली, तिची रचनाही अशीच आहे. तिची कमान सर्वांना मोकळी असून प्रत्येकाच्या दाराची जबाबदारी ज्याची त्याच्यावर आहे. मात्र या पेठेत एक मोठा फरक आहे. सराफ आपले कुलूप डोळ्यांनी पाहू शकतो. येथे कुलूप म्हणजे अक्षरांची आणि अंकांची एक आज्ञावली असते, आणि ती ओढून पाहण्याचे ज्ञान फार थोड्यांपाशी असते.

बँकेचे खाते, रुग्णालयातील रोग्याची नोंद, शेतकऱ्याचा सातबारा, निवृत्त माणसाचे वेतन, हे सारे आज सर्व्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकांत साठवलेले असते. या संगणकांचा व्यवस्थापक पुष्कळदा दुसऱ्याच गावी बसलेला असतो. एका विशिष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने तो दुरूनच त्यांचा कारभार पाहतो. नवी माणसे नोंदवणे, परवलीचे शब्द बदलणे, नोंदींच्या प्रती काढून ठेवणे ही सारी कामे तो तिच्याकरवी करतो. ही आज्ञावली म्हणजे वाड्यातील सर्व दालनांच्या किल्ल्यांचा जुडगा होय. एका दालनाचे कुलूप सदोष निघाले तर एक दालन लुटले जाईल. जुडगाच परक्या हाती पडला तर वाडाच गेला.

आता आज्ञावली ही माणसानेच लिहिलेली असते आणि तिच्या ओळी हजारोंनी, कधी लाखांनीही मोजाव्या लागतात. इतक्या लांबलचक तटात कोठेतरी खिंडार राहणारच. या बाबतीत महाराष्ट्राला रायगडच्या हिरकणीची आख्यायिका मार्गदर्शक ठरावी. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. दूध घालायला आलेली ही गवळण आत अडकली आणि घरी तान्हे मूल एकटे होते. ती अंधारात कडा उतरून गेली. ज्या कड्यावरून कोणी उतरू शकणार नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते, तो कडा एका आईने उतरून दाखवला. शिवाजी महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. त्यांनी तिचा गौरव केला आणि त्याच जागी बुरूज बांधला. उणीव दाखवणाऱ्याचा सन्मान आणि उणिवेची तत्काळ दुरुस्ती, ही दोन्ही तत्त्वे या कथेत आहेत. एक गोष्ट मात्र ती सांगत नाही: बुरूज बांधून पुरा होईपर्यंत त्या कड्यावर पहारा कोणाचा होता?

संगणकांच्या सुरक्षिततेचा सारा प्रश्न या मधल्या काळात सामावलेला आहे. दोष सापडला की आज्ञावलीचे कर्ते त्यावर एक ठिगळ तयार करतात. अभियंते त्याला पॅच म्हणतात. हे ठिगळ जगापुढे खुलेपणाने ठेवावे लागते. एरवी ते सर्वांपर्यंत पोहोचणार कसे? परंतु जुनी आज्ञावली आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून पाहिली की खिंडार कोठे होते हे शत्रूलाही कळते. एका गडावर बुरूज चढल्याची दवंडी पिटली गेली, आणि त्याच नकाशावर बांधलेल्या हजारो गडांचे तेच कडे अजून उघडे आहेत, अशी ही अवस्था असते. ठिगळ प्रसिद्ध झाल्याने धोका संपत नाही. ज्याने ते लावले नाही, त्याचा धोका उलट वाढतो.

महाराष्ट्राला याचा अनुभव २०१७ साली आला. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज प्रणालीतील एका गंभीर दोषावरचे ठिगळ प्रसिद्ध केले. १२ मे रोजी त्याच दोषाचा फायदा घेऊन ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव जगभर पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. इशारा याहून स्पष्ट कोणता हवा? तरीही २७ जून रोजी, म्हणजे ठिगळ निघाल्यापासून १०५ दिवसांनी, तेच खिंडार दुसऱ्या एका हल्ल्याच्या उपयोगी पडले. हा हल्ला पुढे ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखला गेला. युक्रेनमध्ये सुरू झालेली ही आग त्याच दिवशी मेर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीमार्फत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत येऊन पोहोचली. त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. जगभरातील आपले सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक कंपनीला दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

या हल्ल्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तो केवळ त्या खिंडारावर विसंबून नव्हता. एका संगणकात शिरल्यावर तेथे व्यवस्थापकाच्या परवलीच्या खुणा सापडल्या, तर त्या घेऊन, व्यवस्थापकाच्याच नेहमीच्या साधनांनी, तो डागडुजी झालेल्या संगणकांतही शिरत असे. शेजाऱ्याचे दार उघडे राहिले तर आपले कुलूप पुरत नाही, हा अनुभव येथेही आला.

खुद्द किल्ल्यांच्या जुडग्यातच दोष निघाल्याचे उदाहरण वेबमिन या आज्ञावलीचे आहे. १९९७ पासून वापरात असलेली ही आज्ञावली सर्व्हरच्या कारभारासाठीच रचलेली आहे. एप्रिल २०१८ मध्ये, ती जेथे तयार होत असे त्या संगणकातच कोणी अज्ञात व्यक्ती शिरली आणि परवलीचा शब्द बदलण्याच्या विभागात तिने एक चोरवाट ठेवली. फाईलवरची तारीख मागे सरकवल्यामुळे हा फरक तपासणीत दिसला नाही. त्या वर्षी निघालेल्या १.८९० या आवृत्तीबरोबर ती चोरवाट गिऱ्हाइकांच्या घरी गेली. सप्टेंबरमध्ये जुना संगणक काढून नवा बसवण्यात आला. पण जुन्या प्रतींवरून तीच बिघडलेली फाईल नव्या घरातही आली. ऑगस्ट २०१९ मध्ये हे सारे उघडकीस आले आणि १.९३० ही दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली. कर्त्यांनी घडलेला प्रकार तारखांसह जाहीर केला, हे त्यांना भूषणावह आहे. दुरुस्तीची साधने जेथे घडतात, ती जागाही राखावी लागते, असा बोध यातून निघतो.

मग ठिगळ हाती असूनही ते लावण्यास विलंब का होतो? आळस हेच त्याचे एकमेव कारण नाही. नव्या ठिगळाने चालते काम बंद पडण्याची भीती खरी असते. बँकेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर थांबवावा लागला, तर खिडकीपुढची रांग वाढते आणि दोष व्यवस्थापकाला मिळतो. चोरी न झाल्याबद्दल मात्र त्याला शाबासकी देण्यास कोणी येत नाही. त्यातच यंत्रांच्या खरेदीसाठी तरतूद होते, उद्घाटन होते. पुढच्या देखभालीचे काम कोणाचे, हे पुष्कळदा कोठेही लिहिलेले नसते.

उपाय अवघड नाहीत, ते नेमाने करावे लागतात एवढेच. आपल्याकडे कोणत्या आज्ञावल्या आहेत आणि त्यांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत, याची वही ठेवावी. डागडुजीची जबाबदारी एका नेमक्या माणसाच्या नावावर असावी. ठिगळ आधी बाजूच्या संगणकावर तपासून मग मुख्य संगणकाला लावावे आणि ते खरोखर बसले की नाही हे पाहावे. व्यवस्थापनाचे दार साऱ्या पेठेला दिसेल असे ठेवू नये. कचेरीतील ठरलेल्या संगणकांवरूनच ते उघडावे. ठिगळ लागेपर्यंत ते दार बंद ठेवता आले तर बंद ठेवावे. बुरूज पुरा होईपर्यंतचा पहारा तो हाच. २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था अशा दोषांच्या सूचना प्रसिद्ध करते. हल्ला ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवण्याचे बंधन २०२२ मध्ये घालण्यात आले. परंतु सूचना वाचणारे आणि तिच्यावर अंमल करणारे माणूस जागेवर नसेल, तर दिल्लीहून निघालेला कागद दप्तरात पडून राहतो.

बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. डागडुजी करणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. तथापि महिन्याच्या पहिल्या तारखेला एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन बिनबोभाट तिच्या खात्यात जमा होते, तेव्हा कोणा अनाम व्यवस्थापकाने आदल्या एखाद्या रात्री जागून लावलेले ठिगळ त्यामागे उभे असते. त्या जागरणाला वेळ, पैसा आणि मान देणे हे संस्थाचालकांचे कर्तव्य आहे, आणि ते हल्ला होण्यापूर्वी पार पाडावयाचे आहे.