केटली घेताना

विजेच्या केटलीत पाणी उकळतं, चहा होत नाही. दुकानात जाण्याआधी हे मनाशी पक्कं असू द्यावं. आपला चहा आलं ठेचून, साखर घालून, दुधासकट उकळलेला. केटलीत दूध घातलं की ते तळाला लागतं, उतू जातं, आणि मग ती केटली कामातून गेलीच.

मग आमच्या जुन्या सांगवीच्या घरात केटली कशाला? अम्मासाठी. तिनं ऐंशी ओलांडली आहे. फजरच्या अजानआधी उठून स्वतःच्या हातानं चहा करून घेणं हा तिचा लग्नापासूनचा रिवाज. गेल्या पावसाळ्यात दोनदा गॅस चालू राहिला. एकदा पातेलं जळालं, दुसऱ्यांदा ज्योत विझून नुसताच गॅस वाहत होता. घरात ठरलं, अम्मानं शेगडीला हात लावायचा नाही. ती काही बोलली नाही. पण पहाटे उठून अंधारात नुसती बसून राहू लागली.

केटलीची खरी अक्कल तिच्या मुठीत असते. पाणी उकळलं की वाफ बारीक वाटेनं तिथल्या दोन धातूंच्या पट्टीपर्यंत पोचते. उष्णतेनं एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि खटका पडतो. झाकण उघडं राहिलं तर वाफ भलतीकडेच जाते आणि पाणी उकळतच राहतं. म्हणून झाकण घट्ट बसतं का, ते आधी पाहावं. आत पाणीच नसेल तर वीज तोडणारी सोय तळाशी वेगळी असते. तीही विचारून घ्यावी. विसरणाऱ्या माणसासाठी घेताना रंगरूपापेक्षा हे मोलाचं.

नव्या सांगवीतला दुकानदार दीड लिटरची, १५०० वॅटची चकचकीत केटली पुढे करत होता. दीड लिटर पाण्याचं वजनच दीड किलो, आणि अम्माचा हात थरथरतो. शिवाय १५०० वॅटला साडेसहा अँपिअर वीज लागते. आमच्या ओट्यावरचं लहान सॉकेट सहाचं. अशा वेळी लोक एक्स्टेन्शन बोर्ड लावतात, ते तर मुळीच करू नये. आम्ही एक लिटरची, १००० वॅटची घेतली. आतून स्टील, बाहेरून प्लॅस्टिक, म्हणजे हात भाजत नाही. दोन कप पाण्याला दोनेक मिनिटं लागतात. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो. लिंबू पिळून पाणी उकळलं की निघतो.

आता अम्मा स्टीलच्या तांब्यात चहापूड आणि ठेचलेलं आलं घालते, वर उकळतं पाणी ओतते आणि झाकून ठेवते. दुधाची भुकटी मीच आणून दिली होती, तिला ती पसंत नाही, कोराच पिते. "उबली नै तो चाय कायकी?" असं रोज म्हणते. सात वाजता सूनबाई करते तो चहा. पहाटेचं ते नुसतं 'गरम पानी'.

परवा पहाटे वीज गेली, तर मला हलवून उठवलं. "ऊठ रे, मेरा गरम पानी बंद पड्या!"