मोटारीच्या रंगाची खडीपरीक्षा
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाने मला माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी ऋणी आहे. नव्याकोऱ्या रंगावर खडीचा मारा करणे, हा तो व्यवसाय! माझ्या मातोश्रींना तो अद्यापि पटलेला नाही.

पुढील वाहनाच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर आदळतो आणि टवका उडतो. आपणांस वाईट वाटते ते शोभेचे. पण पत्र्यावर फॉस्फेट, प्रायमर, सरफेसर, रंग आणि पारदर्शक लेप असे थर असतात. सर्वांची जाडी मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. टवका वरच्या थरांत थांबला तर फारसे बिघडत नाही. पत्रा उघडा पडला, की तेथून गंज रंगाखाली पसरू लागतो.

अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेच्या 'जे-४००' पद्धतीत ग्रॅव्हेलोमीटर नामक यंत्रातून ९.५ ते १६ मिलिमीटरची, सुमारे अर्धा लिटर खडी दाबाच्या हवेने रंगीत पत्र्यावर फेकतात. मग चिकटपट्टीने सुटे टवके ओढून काढावयाचे आणि खुणा मोजावयाच्या. १० म्हणजे एकही टवका नाही; 'डी' म्हणजे ६ मिलिमीटरहून मोठा.

उमेदवारीच्या काळात एक रंग मला खोलीच्या तपमानात उत्तम आढळला. मी निर्धास्तपणे सही केली. वरिष्ठांनी कागद परत केला व त्याच रंगाचा दुसरा पत्रा उणे २९ अंशांपर्यंत थंड करून मारा करावयास सांगितले. मी म्हणालो, "साहेब, पुण्यात एवढी थंडी कोठली?" ते म्हणाले, "गाडी लेहला जाणार नाही, असे तुम्ही लिहून देता काय?"

थंडीने रंग ठिसूळ होतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी चिकटपट्टीबरोबर थरच्या थर निघून आले आणि खाली पत्रा चकाकला. मी सही खोडली. माल अडला, आणि पुरवठादार कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही.

आपल्या गाडीवर टवका दिसल्यास निरखून पाहावे. आत प्रायमर दिसला तर सवडीने पाहता येईल. पत्रा दिसला तर पावसाळ्यापूर्वी तेथे रंग भरून घ्यावा.