पुस्तक मिटल्यावर माइक कोणाकडे?



बौद्ध धम्मात स्त्रीचे स्थान काय, या प्रश्नाची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा संघप्रवेशापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बुद्धाने स्त्रियांना संघात घेतले, म्हणून धम्म समतेचा, एवढे सांगून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. मला ही चर्चा अपुरी वाटते. आत कोणाला घेतले यापेक्षा आत आल्यावर धम्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाला मिळाला, हे पाहिले पाहिजे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरच्या वस्त्यांमधल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. कामावरून परतलेल्या, घरी स्वयंपाक उरकून आलेल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून वेळेवर हजर असतात. सतरंज्या घालणे, फुले-मेणबत्त्या, वंदना, पौर्णिमेची खीर, वर्गणी हे सारे त्यांच्याच अंगावर असते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ यातला उताराही पुष्कळदा बाईच वाचते. पुस्तक मिटले की माइक मात्र पाहुण्या वक्त्याकडे जातो, आणि तो वक्ता बहुधा पुरुष असतो. वाचायचे तिने आणि अर्थ सांगायचा त्याने, ही वाटणी आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही. या वाटणीला ना पाली साहित्याचा आधार आहे, ना बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीचा.

आधी पाली साहित्याचे पाहू. मज्झिम निकायात चूळवेदल्ल सुत्त आहे. धम्मदिन्ना भिक्षुणी झाल्यावर तिचा पूर्वाश्रमीचा पती विशाख तिच्यापुढे शिष्यासारखा बसतो आणि पंचस्कंध, अष्टांगिक मार्ग, समाधी, वेदना यांविषयी एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो. ती उत्तरे देते. पुढे विशाख ही सारी चर्चा बुद्धाच्या कानावर घालतो, तेव्हा आपणही याहून वेगळे उत्तर दिले नसते, असे बुद्ध सांगतो. एका स्त्रीचे प्रवचन त्रिपिटकात प्रमाण म्हणून समाविष्ट झाले ते असे. थेरीगाथेत 73 रचना आहेत. त्यातली पुण्णिका अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी होती. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाशी ती वाद घालते आणि पाण्याने मुक्ती मिळत असेल तर जलचरांनाही ती मिळायला हवी, या साध्या तर्काने त्याला निरुत्तर करते. दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई इथे धम्म शिकवते आहे. आपल्या विहारांत मागच्या रांगेत बसणाऱ्या किती जणी दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबून येतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. आणि हे केवळ ग्रंथातले नाही. रायगड जिल्ह्यातल्या कुडे लेण्यात पदुमणिका नावाच्या भिक्षुणीने आपल्या शिष्यिणींसह दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. कान्हेरीची लेणी तर आज मुंबई शहराच्या हद्दीतच आहेत. तिथल्या दात्यांतही भिक्षुणी आहेत. पदुमणिकेला शिष्यिणी होत्या म्हणजे ती शिकवणारी होती, आणि तिचे आचार्यपण दगडात नोंदवावे इतके समाजमान्य होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग भिक्षुणींवर घातलेल्या आठ गुरुधम्मांचे, म्हणजे खास नियमांचे काय? शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, हा त्यातला पहिला नियम विनयपिटकातच आहे. तो नाकारून चालणार नाही; शतकानुशतके भिक्षुणींचे जगणे त्याने बांधले. पण ज्या चुल्लवग्गात हे नियम येतात, तोच ग्रंथ नीट वाचावा. महाप्रजापती गौतमी पहिली भिक्षुणी होण्याआधी हे नियम घातले गेले, असे कथा सांगते. पण त्यातला एक नियम म्हणतो की दोन वर्षे शिक्षण घेतलेल्या शिक्षमाणेने दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी. भिक्षुणीसंघच नव्हता, तर हे दोन संघ आले कुठून? महापरिनिब्बान सुत्तात तर संबोधीनंतर लगेचच बुद्ध माराला सांगतो की भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका या चारही परिषदा धम्म जाणणाऱ्या आणि तो इतरांना सांगणाऱ्या होईपर्यंत आपण परिनिर्वाण पावणार नाही. ज्याला भिक्षुणी सुरुवातीपासूनच अभिप्रेत होत्या, त्याच बुद्धाला स्त्रियांना संघात घेण्यासाठी पुढे शिष्य आनंद गळ घालतो, हे कसे जुळवायचे? पहिल्या संगीतीत स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी रदबदली केल्याचा दोष भिक्षूंनी आनंदाच्या माथी मारला, हेही चुल्लवग्गच नोंदवतो. नाराजी कोणाची होती, ते इथे स्पष्ट दिसते. स्त्रियांकडे पाहूही नये, असे बुद्धाने आनंदाला सांगितल्याचा उतारा भिक्षूंनी मागाहून घुसडला, असे बाबासाहेबांनी ‘महाबोधी’ मासिकातल्या 1951 च्या लेखात मांडले, तेही ग्रंथ असाच पारखून.

समजा, कोणाला हे पटले नाही. गुरुधम्म बुद्धवचनच आहे, असे घटकाभर धरून चालू. तरीही ते नियम भिक्षुणींसाठी आहेत, उपासिकेसाठी नाहीत. थेरवादी देशांतली अडचण वेगळी आहे. श्रीलंकेतला भिक्षुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला, आणि उपसंपदेला दोन्ही संघ लागत असल्याने तुटलेली परंपरा पुन्हा जोडायची कशी, हा पेच उभा राहिला. 1996 मध्ये सारनाथला कोरियन भिक्षुणींच्या साहाय्याने श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली, तरी त्यावरचा वाद शमला नाही. थायलंडमध्ये भिक्षूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये, असा आदेश 1928 मध्ये निघाला होता. त्याची अडचण आजही आहे. आपल्यापुढे असला कोणताच पेच नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात स्त्री-पुरुषांनी एकाच मैदानावर, एकाच वेळी, तेच त्रिशरण, तेच पंचशील आणि त्याच 22 प्रतिज्ञा घेतल्या. स्त्रियांसाठी वेगळी, उणी प्रतिज्ञा नव्हती. बाबासाहेबांनी 1955 मध्ये स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेतर्फे संस्कार करणारा बौद्धाचार्य गृहस्थच असतो. मंगल परिणयाला, नामकरणाला, पुण्यानुमोदनाला चीवरधारी भिक्षूच हवा असे नाही. मग पुरुषच हवा, हे कोणी ठरवले? महासभेचे अध्यक्षपद मीराताई आंबेडकरांनी दीर्घकाळ सांभाळले. पुण्यात 1979 च्या सुमारास रुजलेल्या त्रैलोक्य (आताच्या त्रिरत्न) बौद्ध महासंघात धम्मचारी आणि धम्मचारिणी यांची दीक्षा एकच आहे. काही ठिकाणी स्त्रिया विवाह लावतातही. म्हणजे दार उघडेच आहे, आणि तरीही लग्नघरात विधी लावायला बाई उभी राहिली की वडीलधाऱ्यांत कुजबुज होते.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या आपल्याच माणसांचा आहे. जातीचा प्रश्न पेटलेला असताना हा घरातला वाद कशाला, असे ते विचारतात. त्यांची चिंता मी हलक्यात घेत नाही. पण जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न काही मिटलेला नव्हता. 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक हिंदू कोड बिल रखडणे हे होते. स्त्रीचा प्रश्न त्यांनी उद्यावर ढकलला नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहावे लागले, कारण त्या इतिहासातल्या बायका आपल्याच लोकांच्या नजरेआड गेल्या होत्या. तिसरे म्हणणे असे की बायका स्वतःच पुढे येत नाहीत. 2011 च्या जनगणनेत बौद्ध स्त्रियांची साक्षरता 74 टक्क्यांवर होती आणि देशातल्या स्त्रियांची 65 टक्क्यांच्या आसपास. तेव्हा शिक्षण कमी, हे कारण टिकत नाही. कमी आहे तो वेळ. पहाटेचा डबा, लोकलमधला तास-दीड तास, संध्याकाळचे पाणी, मुलांचा अभ्यास यांतून दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला किंवा मुक्कामी धम्मशिबिराला जाणे नवऱ्याला जितके सोपे, तितके बायकोला नाही. सिगालोवाद सुत्त आपण लग्नात आवडीने सांगतो. त्यात पतीच्या पाच कर्तव्यांमध्ये पत्नीचा सन्मान करणे आणि घरातली सत्ता तिच्याकडे सोपवणे हीही आहेत. तिच्या वेळेवर तिची सत्ता नसेल, तर सोपवले काय?

म्हणून विहारांच्या कमिट्यांकडे माझे मागणे अगदी व्यवहाराचे आहे. बौद्धाचार्यांचे प्रशिक्षण वस्तीतच, रविवारी दुपारी ठेवा, आणि त्या वेळी मुले सांभाळण्याची पाळी पुरुषांना लावा. वर्षावासात जी उतारा वाचेल, तिनेच त्यावर पंधरा मिनिटे बोलावे. चुकले तर चर्चा होईल, आणि चर्चा तर धम्मदिन्नेलाही वर्ज्य नव्हती. ट्रस्टच्या हिशेबावर सही करणाऱ्यांत निम्म्या बायका असू द्या. लेखिकांकडे माझे मागणे याहून मोठे आहे. ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ या आत्मकथनांनी मराठीला आपल्या जगण्याची भाषा दिली. आता थेरीगाथेवर, सिगालोवादावर, चुल्लवग्गाच्या त्या अवघड प्रकरणावर आपल्या बायकांनी लिहिलेली भाष्ये हवीत. त्यासाठी पाली शिकावी लागेल. शहराशहरांतल्या विहारांत पालीचे संध्याकाळचे वर्ग सुरू करण्याचा ठराव या संमेलनात यावा, आणि तो मांडायला एखादी वर्षावासातली वाचक पुढे यावी.