सेवेच्या वेळेचा हिशेब



ज्या नगरीत १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि जेथील लंगरात कणीक मळणाऱ्या, पंगतीत वाढणाऱ्या, खरकटी भांडी घासणाऱ्या हातांना कोणी जात वा हुद्दा विचारीत नाही, त्या नांदेडात सेवेची थोरवी मी सांगावी याचे प्रयोजन नाही. मला बोलावयाचे आहे ते सेवेला लागणाऱ्या वेळेविषयी. तो कोणाच्या पदरी किती असतो, याविषयी.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली आणि सहा वर्षे व त्यांवरील वयाच्या माणसांच्या एका अहोरात्रीचा तपशील टिपून घेतला. त्या दिवशी स्वयंसेवा वा तत्सम बिनमोबदला काम केलेली माणसे शेकडा २.४ भरली. यावरून आपला समाज स्वार्थी ठरविण्यापूर्वी त्याच दफ्तरातील दुसरे पान उलटावे. घरातील बिनमोबदला कामांत ८१ टक्के स्त्रिया गुंतलेल्या होत्या आणि पुरुष अवघे २६ टक्के. शिवाय त्या कामांत अशा स्त्रीची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. जिचे पाच तास चूल, पाणी आणि झाडलोट यांतच सरतात, तिचे नाव स्वयंसेवकांच्या यादीत दिसले नाही, तर उणीव तिच्या अंतःकरणात शोधणे अन्यायाचे होईल.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे तसे नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत त्याने दरसाल १२० तास द्यावेत असा शिरस्ता आहे, आणि त्या तासांची तरतूद व नोंद संस्था करते. परंतु दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या आमच्या ऊसतोड मजुरासाठी अशी तरतूद कोणी केली? तो गावी असताना शेजाऱ्याच्या रानात इर्जिकीला राबतो, ते कोणत्या हजेरीपटावर चढते?

सवडीचा हाच फरक संकटकाळीही दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे निजलेली असता, भूकंपाने किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. दूरदूरहून तरुणांचे जथे आले, त्यांनी ढिगारे उपसले, प्रेतांना अग्नी दिला. ते ऋण फिटणारे नाही. पुढे पुनर्वसनाचे काम वर्षानुवर्षे लांबले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावागावांतून स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या, आणि भूकंपात टिकेल असे घर कसे बांधावे हे स्वतः शिकून, आपला संसार सांभाळून, दारोदार सांगत हिंडल्या. संकटाच्या आठवड्यात धावून जाणे शक्य होते ते ज्याला घराबाहेर पडण्याची मोकळीक आहे त्याला; या स्त्रियांनी मात्र नसलेल्या सवडीतून वेळ काढला, म्हणून त्यांच्या एका तासाचे मोल मी अधिक मानतो.

तेव्हा माझी या संमेलनास विनंती आहे. आपल्या संस्थांच्या सभा सायंकाळी, ऐन स्वयंपाकाच्या वेळी भरतात. त्या दुपारी भरवाव्यात, तेथे मुले सांभाळण्याची व्यवस्था असावी, आणि मजूर परतल्यावाचून गावाच्या श्रमदानाचा आराखडा मंजूर करू नये. तसा ठराव आज सायंकाळच्या बैठकीत मी स्वतः मांडणार आहे.