चेंडू अंगावर येतो तेव्हा



मुंबईच्या दक्षिण टोकास, कफ परेडच्या किनाऱ्यावर, मच्छीमार नगर ही कोळी बांधवांची वस्ती आहे. अशा वस्तीतील मूल पाण्यास भीत नाही. हेलकावणाऱ्या होडीत चढताना त्याचा पाय अडखळत नाही. परंतु त्याच मुलास गोलरक्षक म्हणून उभे करावे आणि सात-आठ पावलांवरून चेंडू मारावा, की ते डोळे मिटते, मान वळविते आणि गोल होतो. सवंगडी ‘भित्रा, भित्रा’ म्हणून ओरडतात. कधी कधी शिक्षकाच्या तोंडूनही तोच शब्द निघतो. पुढल्या खेळाच्या तासास त्या मुलाचे पोट दुखू लागते.

होडीत निर्भय असणारे मूल चेंडूपुढे एकाएकी भ्याड कसे होईल? डोळ्याच्या दिशेने काही वेगाने आले, की पापणी विचाराची वाट न पाहता मिटते. निसर्गाने डोळ्यास दिलेले हे कवाड आहे. होडीच्या हेलकाव्यांचा सराव त्या मुलास लहानपणापासून आहे, जवळून येणाऱ्या चेंडूचा नाही, एवढाच काय तो भेद.

आता थोडा हिशेब पाहावा. ताशी 54 किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू एका सेकंदात 15 मीटर जातो. म्हणजे 5 मीटरांचे अंतर तो एक तृतीयांश सेकंदात तोडतो. डोळ्यांनी पाहून हात हलू लागण्यासच सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. उरलेल्या निमिषात पापणी मिटली तर सारेच संपले. यास्तव नजर चेंडूवर खिळावयाची ती तो सुटण्यापूर्वीच. मारणाऱ्याच्या पायाशी वा हाताशी.

या नजरेचे उत्तम उदाहरण मच्छीमार नगरापासून फार दूर नाही. मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याचे मैदान सांभाळणाऱ्या गृहस्थांचा मुलगा एकनाथ सोलकर त्या मैदानावरच वाढला. पुढे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, तो उभा राहू लागला. 27 कसोटी सामन्यांत त्याने 53 झेल घेतले, आणि तेही यष्टिरक्षक नसताना. 1971 साली ओव्हलवर अॅलन नॉटचा झेल त्याने पुढे झेपावून टिपला. त्याच सामन्यात भारताने इंग्लंडमधील पहिली मालिका जिंकली. ज्यास चेंडू लहानपणापासून घरच्या वस्तूसारखा परिचित, त्यास तो परका वाटत नाही.

परंतु सोलकर शिरस्त्राणाशिवाय उभा राहत असे, हे मुलांपुढे कौतुकाने सांगताना जपावे. 1998 साली ढाक्यात रमण लांबा हा कसोटी खेळलेला अनुभवी खेळाडू शॉर्ट लेगला उभा होता. षटकाचे थोडेच चेंडू उरले म्हणून त्याने शिरस्त्राण घेतले नाही. चेंडू कपाळाच्या बाजूस लागला व तीन दिवसांनी तो दगावला. तेव्हा भीती समूळ उपटणे हा शिक्षकाचा हेतू नव्हेच. तिच्यामुळे डोळे मिटू नयेत, एवढेच साधावयाचे आहे. लॅक्रॉस नावाचा, उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून आलेला एक खेळ आहे. त्यात जाळीच्या काठीने घट्ट रबरी चेंडू फेकतात. तेथील गोलरक्षकास डोके, गळा व छाती झाकूनच उभे करतात, आणि नवख्याच्या सरावास मऊ चेंडू घेतात.

आपल्या शाळांतही प्रारंभ टेनिसच्या चेंडूनेच व्हावा. क्रिकेटचा चेंडू सुमारे 160 ग्रॅम भरतो, टेनिसचा 60 ग्रॅमांहूनही कमी. प्रथम मुलाने एकट्यानेच भिंतीवर चेंडू मारून झेलावा. (भिंतीने कोणास भित्रा म्हटल्याचे ऐकिवात नाही.) मग शिक्षकांनी दहा पावलांवरून, हात खाली ठेवून, सावकाश चेंडू टाकावा. दोन चेंडूंवर लाल व दोहोंवर निळी पट्टी रंगवावी आणि हातात येण्यापूर्वी मुलाने रंग मोठ्याने सांगावा. डोळ्यास काम मिळाले, की मिटण्याची आठवण त्यास कमी होते. हात चेहऱ्याशी न नेता छातीपुढे उघडे असावेत, गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर. पाच-सहा वेळा रंग बरोबर आला, की शिक्षकांनी एक पाऊल पुढे सरकावे. डोळे मिटले, की काही न बोलता एक पाऊल मागे यावे. एका वेळी वीस-पंचवीस चेंडू पुरेत. थकलेले मूल पुन्हा डोळे मिटू लागते.

‘एकदा लागू द्या, म्हणजे भीती मोडेल,’ असे म्हणून मुद्दाम अंगावर चेंडू मारण्याची एक रीत मैदानावर आढळते. ती सर्वथा टाळावी. तो मार हाडास लागून विसरला जातो. मनास लागतो तो राहतो.

नोंदवहीत अडविलेले गोल लिहू नयेत. किती वेळा रंग बरोबर सांगितला, ते लिहावे. चेंडू हातांमधून निसटून गोलात गेला, तरी मूल मागे वळून ‘निळा!’ म्हणून ओरडले, तर त्या दिवशीच्या रकान्यात एक गुण मांडावा.