ऐकू येत नाही, असे कोणी सांगत नाही

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांच्या वतीने केलेले भाषण)



आज आम्ही एका चुकीपासून आरंभ करतो, आणि ती चूक आमचीच आहे. रक्तदाबासाठी अनेक वर्षे आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना आम्ही एक औषध सहा दिवस घेऊन बंद करण्यास सांगितले. त्यांनी हसून मान डोलावली. दहाव्या दिवशी चक्कर येते म्हणून त्या आल्या, तेव्हा औषध चालूच होते. ‘सहा’चे त्यांना ‘दहा’ ऐकू आले होते. घरची मंडळी म्हणाली, “आजी हल्ली फार विसरतात.” आम्हीही तेच गृहीत धरले होते. कान तपासल्यावर उलगडा झाला. आजी विसरत नव्हत्या. त्यांना नीट ऐकूच येत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांची नाडी, रक्तदाब, साखर आम्ही पाहिली. कान एकदाही पाहिले नव्हते.

वार्धक्यात ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक उच्चार आधी हरपतात. भरदार स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे रुग्णास वाटते की आपले कान ठीक आहेत, लोकच पुटपुटतात. तो तक्रार घेऊन येत नाही. म्हणूनच विचारण्याचे कर्तव्य कुटुंबाच्या डॉक्टरांचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. पन्नाशीपासून दर ५ वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर १ ते ३ वर्षांनी तपासणी व्हावी, असे ही संघटना सुचवते. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या घटकांतही श्रवणदोषाची गणना होते.

प्राथमिक तपासणीस मोठे यंत्र लागत नाही. प्रथम एक प्रश्न: “चारचौघांत बोलणे समजायला त्रास होतो का?” नंतर रुग्णाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून, त्याचा एक कान झाकून, दुसऱ्या कानासाठी तीन अंक वा अक्षरे कुजबुजायची आणि ती त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. मग कानात डोकावून पाहायचे. कधी केवळ मळ साचलेला असतो आणि तो काढताच काम होते. कधी पू किंवा पडद्याला छिद्र आढळते. जेंटामायसिनसारखी औषधे, कारखान्यातील गोंगाट यांचीही विचारपूस करावी लागते. शंका उरल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून श्रवणालेख काढून घ्यावा लागतो.

नातेवाइकांना आमची विनंती आहे: घरातील वडीलधारे दूरदर्शनचा आवाज वाढवू लागले, भलतेच उत्तर देऊ लागले, तर रागावू नका, आम्हांस सांगा. एखाद्याचे ऐकणे अचानक कमी झाले, तर मात्र एक दिवसही दवडू नका. तो तातडीचा आजार आहे. उशिराने दृष्टीआडच नव्हे, उपचाराआड जातो.

देणगीदारांस एवढेच सांगावेसे वाटते की श्रवणयंत्र दिले म्हणजे काम संपत नाही. ते कानास जुळवणे, त्याची सवय होईपर्यंत रुग्णास पुन्हापुन्हा बोलावणे आणि पुढे वर्षानुवर्षे बॅटरी पुरवणे, यांसाठीही आपला हातभार हवा आहे.

आजी आता श्रवणयंत्र वापरतात. औषध लिहून दिल्यावर ते कसे घ्यायचे, हे आम्ही त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतो. ती सवय आम्हांस त्यांनीच लावली.